जादूचा चौरस : ताईतातून फळ्यावर

मी इतिहासाचा शिक्षक आहे. त्यामुळे स्मरणिकेसाठी गणितावरील लेख लिहिताना थोडा संकोच वाटतो. परंतु निवासी शाळेत शिक्षकाला आपलाच विषय शिकवून भागत नाही, हे आपल्या येथे राहून गेलेल्या प्रत्येक माजी विद्यार्थ्याला ठाऊक आहे. सायंकाळची वंदना आटोपली, जेवणे झाली, की अभ्यासिकेत ज्या शिक्षकाची पाळी असेल त्याच्यापुढे भूगोलापासून बीजगणितापर्यंत सर्व काही येते. प्रस्तुत लेखाचा विषय मला अशाच एका रात्रीच्या अभ्यासिकेत मिळाला.

काही वर्षांपूर्वी दिवाळीची सुट्टी संपवून मुले परत आली, तेव्हा आठवीतील एका मुलाच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला तांब्याचा लहानसा पत्रा दिसला. त्यावर नऊ घरे आखलेली होती आणि प्रत्येक घरात एकेक अंक कोरलेला होता. हा मुलगा सहामाही परीक्षेत गणितात नापास झाला होता. आठवडी बाजारात बसणाऱ्या एका माणसाने त्याच्या आईला सांगितले, की हे यंत्र गळ्यात घातले म्हणजे मुलाची बुद्धी चालू लागेल. आई शेतमजूर. चार दिवसांची मजुरी मोजून तिने तो पत्रा घेतला होता.

बावीस प्रतिज्ञांचे सामूहिक वाचन करणाऱ्या शाळेत ताईत! मुले त्याला चिडवू लागली. तो ताबडतोब काढून घ्यावा, असे काही सहकाऱ्यांचे मत पडले. माझ्याही मनात प्रथम तेच आले. पण हात पुढे झाला नाही. त्या पत्र्यात विकणाऱ्याची लबाडी होती, तशी एका आईची चार दिवसांची मजुरीही होती. मुलाच्या देखत तो हिसकावून घेणे म्हणजे त्या आईला वर्गात उभे करून अज्ञानी ठरवण्यासारखे होते. शिवाय दोरा तोडल्याने समजूत तुटतेच असे नाही. पुष्कळदा ती सदऱ्याच्या आत सरकते, इतकेच.

मी त्याला फळ्याजवळ बोलावले आणि पत्र्यावरील अंक जसेच्या तसे लिहायला सांगितले. त्याने लिहिले :

८   १   ६
३   ५   ७
४   ९   २

“आता आडव्या ओळींची बेरीज कर,” मी म्हणालो. तिन्ही ओळींची बेरीज १५ आली. उभ्या ओळींचीही १५. दोन्ही कर्णांचीही १५. अभ्यासिकेत कुजबुज सुरू झाली. “सर, खरंच जादू आहे,” मागून कोणीतरी म्हणाले. मी म्हटले, जादू आहे की नाही ते आपण तपासू. भगवान बुद्धांच्या धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हणतात. या आणि स्वतः पाहा, असा त्याचा अर्थ. केसपुत्त नगरातील कालामांना तथागतांनी हेच सांगितले होते, की परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका. मग नऊ अंकांच्या एका पत्र्याने आपल्याला का भ्यायला लावावे?

चौरसाचे अंतरंग

ज्या चौरसातील संख्यांची बेरीज आडव्या ओळींत, उभ्या ओळींत आणि दोन्ही कर्णांवर सारखीच येते, त्याला जादूचा चौरस म्हणतात. आपल्या चौरसात १ ते ९ हे अंक प्रत्येकी एकदा आले आहेत. त्यांची एकूण बेरीज ४५. तीन आडव्या ओळी मिळून हे सर्व अंक संपतात आणि तिन्ही ओळी समान आहेत. म्हणून प्रत्येक ओळीच्या वाट्याला ४५ भागिले ३, म्हणजे १५ येणारच. बेरीज पंधराच का, या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथेच मिळाले.

दुसरा प्रश्न एका मुलीने विचारला, “सर, मध्ये पाचच का?” हा प्रश्न अधिक चांगला होता. मधल्या घरातून चार रेषा जातात : मधली आडवी, मधली उभी आणि दोन कर्ण. या चार रेषांची एकत्रित बेरीज चार वेळा १५, म्हणजे ६०. या बेरजेत बाहेरची आठही घरे एकेकदा मोजली जातात, मधले घर मात्र चार वेळा मोजले जाते. म्हणजे सर्व अंकांची बेरीज ४५ आणि त्यावर मधला अंक आणखी तीन वेळा, असे मिळून ६० होतात. ६० मधून ४५ वजा केले तर १५ उरतात. मधल्या अंकाची तिप्पट १५, म्हणून मधला अंक ५. येथे दुसरा कोणताही अंक बसूच शकत नाही.

आता कोपरे. कोपऱ्यातील घर तीन रेषांवर असते : एक आडवी, एक उभी आणि एक कर्ण. म्हणून कोपऱ्यात बसणाऱ्या अंकाला १५ ची बेरीज तीन निरनिराळ्या प्रकारांनी करता आली पाहिजे. १ घेऊन १५ करण्याचे दोनच प्रकार आहेत : १, ५, ९ आणि १, ६, ८. म्हणून १ कोपऱ्यात बसू शकत नाही. ३, ७ आणि ९ यांचीही स्थिती तीच. वाचकांनी ती स्वतः पडताळून पाहावी. उलट २ घेतला तर २, ९, ४. २, ७, ६ आणि २, ५, ८ असे तीन प्रकार होतात. ४, ६, ८ यांनाही तीन प्रकार मिळतात. याचा अर्थ चारही कोपरे सम अंकांचे आणि बाजूंच्या मधली घरे विषम अंकांची.

आता १ साठी चार बाजूंपैकी कोणतीही एक निवडता येते. त्याच्या दोन्ही अंगांना ६ आणि ८ हेच येणार; ते डावी-उजवीकडे दोन प्रकारे मांडता येतात. एवढे ठरले की उरलेली सर्व घरे आपोआप ठरतात. चार गुणिले दोन, म्हणजे एकंदर आठच मांडण्या. या आठ मांडण्याही खऱ्या अर्थाने वेगळ्या नाहीत. एकच चौरस फिरवला किंवा आरशात पाहिला की त्या मिळतात. म्हणजे १ ते ९ या अंकांचा जादूचा चौरस जगात मुळात एकच आहे. तो चीनमध्ये काढला काय, बगदादमध्ये काढला काय किंवा आपल्या आठवडी बाजारात तांब्यावर कोरला काय, त्याहून निराळा होणे शक्य नाही.

एवढे होईपर्यंत दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री मुले विचारू लागली, की हा चौरस प्रथम कोणी काढला? येथे मला माझ्या विषयात परत येण्याची संधी मिळाली.

इतिहासाचा मागोवा

चिनी परंपरेत या चौरसाला ‘लो शू’ म्हणतात. लो नदीतून वर आलेल्या कासवाच्या पाठीवर यू राजाला तो दिसला, अशी तेथील दंतकथा आहे. दंतकथेला काळ नसतो. लेखी पुराव्याला असतो. हा चौरस निःसंदिग्धपणे सांगणारा चिनी लेखी पुरावा इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमाराचा आहे.

आपल्या देशात इ. स. ९०० च्या सुमारास वृंद नावाच्या वैद्याने ‘सिद्धयोग’ या ग्रंथात पुढील चौरस दिला :

१६   ६   ८
२   १०   १८
१२   १४   ४

याची बेरीज सर्व बाजूंनी ३० येते. नीट पाहिले तर हा वेगळा चौरस नाही. प्रत्येक संख्या निम्मी करा, की आपला पंधराचाच चौरस समोर येतो. एखाद्या जादूच्या चौरसातील प्रत्येक संख्या एकाच संख्येने गुणली किंवा प्रत्येकीत एकच संख्या मिळवली, तरी तो जादूचा चौरसच राहतो, हा नियम मुलांनी यावरूनच शोधला. पण वृंदाने हा चौरस गणितासाठी दिलेला नाही. सुलभ प्रसूतीचा उपाय म्हणून दिला आहे. जाबिर इब्न हय्यान याच्या नावावर असलेल्या अरबी ग्रंथांतही नऊ घरांचा चौरस प्रसूतीच्याच संदर्भात येतो. दोन भाषा, दोन धर्म, दोन प्रदेश; पण वेदनेने तळमळणाऱ्या बाईच्या हाती दोघांनीही आकडेच ठेवले. बेरीज खरी होती, उपाय खोटा होता. एखाद्या गोष्टीतील एक भाग खरा आहे, म्हणून तिच्या आधाराने सांगितलेले सारेच खरे मानायचे, ही चूक माणूस फार पूर्वीपासून करीत आला आहे. तांब्याचा पत्रा विकणाऱ्याचा धंदा याच चुकीवर चालतो.

याउलट एक उदाहरण सहाव्या शतकातील वराहमिहिराचे आहे. ‘बृहत्संहिता’ या ग्रंथात सुगंधी द्रव्ये बनवण्याच्या प्रकरणात त्याने सोळा घरांचा चौरस सांगितला आहे :

२   ३   ५   ८
५   ८   २   ३
४   १   ७   ६
७   ६   ४   १

यात १ ते ८ हे अंक प्रत्येकी दोनदा आले आहेत आणि बेरीज १८ येते. सोळा घरे म्हणजे सोळा सुगंधी द्रव्ये, आणि घरातील अंक म्हणजे त्या द्रव्याचे भाग. कोणत्याही ओळीतील चार द्रव्ये घेतली तरी मिश्रण १८ भागांचेच होते. हाच वराहमिहिर शकुन आणि फलज्योतिषही सांगतो. परंतु निदान या प्रकरणी त्याने चौरसाचा उपयोग हिशेबासाठी केला आहे.

यानंतर एक नाव येते, ज्यापाशी आपल्या वाचकांचे पाऊल थबकेल : नागार्जुन. ‘कक्षपुट’ नावाच्या ग्रंथात इच्छित बेरजेचा सोळा घरांचा चौरस तयार करण्याची रीत आहे, आणि शंभर बेरजेचा पुढील चौरस ‘नागार्जुनीय’ म्हणून प्रसिद्ध आहे :

३०   १६   १८   ३६
१०   ४४   २२   २४
३२   १४   २०   ३४
२८   २६   ४०   ६

सर्व सोळा संख्या सम आहेत आणि बेरीज सर्व बाजूंनी शंभर. हे वाचून एक विद्यार्थी आनंदाने म्हणाला, “म्हणजे सर, जादूचा चौरस आपल्या आचार्य नागार्जुनांनी शोधला!” मला त्याचा आनंद मोडवेना, पण शिक्षकाला तेवढी सवलत नसते. मी त्याला सांगितले, की ‘मूलमध्यमककारिका’ लिहिणारे शून्यवादाचे महान बौद्ध आचार्य आणि ‘कक्षपुट’कार नागार्जुन एकच होते, असे म्हणायला पुरेसा पुरावा नाही. या नावाच्या एकाहून अधिक व्यक्ती भारतीय परंपरेत होऊन गेल्या आहेत. शिवाय ‘कक्षपुट’ हा मंत्रतंत्राचा ग्रंथ आहे. इतरांच्या पोथीतील दंतकथा आपण पुरावा मागून नाकारतो. तर आपल्या अभिमानाच्या बाबतीतही पुरावा मागितला पाहिजे. बाबासाहेबांनी शूद्रांच्या उत्पत्तीवर आणि अस्पृश्यतेच्या उगमावर लिहिताना पुरावे मांडून, प्रतिपक्षाचे म्हणणे तपासून, मग निष्कर्ष काढले. त्यांचे अनुयायी म्हणवणाऱ्यांनी सोपी वाट धरू नये.

मध्ययुगात या विषयाला शास्त्राचे रूप आले. दिल्लीत खिलजी सुलतानांच्या टांकसाळीत अधिकारी असलेला ठक्कुर फेरू हा जैन पंडित चौदाव्या शतकाच्या आरंभी गणितावर ग्रंथ लिहितो आणि त्यात चौरस रचण्याच्या रीती देतो. विशेष म्हणजे त्याने हा ग्रंथ संस्कृतात नव्हे, तर लोकांच्या बोलीला जवळ असलेल्या अपभ्रंश भाषेत लिहिला. पुढे १३५६ मध्ये नारायण पंडिताने ‘गणितकौमुदी’ लिहिली. तिच्यात ‘भद्रगणित’ नावाचे संपूर्ण प्रकरण जादूच्या चौरसांना वाहिलेले आहे. चौरसाच्या एका बाजूच्या घरांची संख्या चाराने भागली जाते, केवळ दोनाने भागली जाते की ती विषम आहे, यावरून त्याने समगर्भ, विषमगर्भ आणि विषम असे तीन वर्ग पाडले व प्रत्येकाच्या रीती सांगितल्या.

खजुराहोच्या पार्श्वनाथ जैन मंदिरात कोरलेला पुढील चौरस अभ्यासकांच्या विशेष आवडीचा आहे. त्याला ‘चौतीसा यंत्र’ म्हणतात :

७   १२   १   १४
२   १३   ८   ११
१६   ३   १०   ५
९   ६   १५   ४

येथे १ ते १६ या संख्या आहेत आणि बेरीज ३४. परंतु गंमत ओळी आणि कर्णांवर थांबत नाही. शेजारशेजारची कोणतीही चार घरे चौकोनात घ्या. उदाहरणार्थ ७, १२, २, १३ किंवा १३, ८, ३, १०. बेरीज ३४ च. चार कोपरे घ्या, ३४. तुटके कर्ण घ्या, म्हणजे १२, ८, ५ असे तिरके खाली उतरून पुन्हा डाव्या टोकाला ९ वर या, तेही ३४. अशा सर्वांगपूर्ण सोळा घरांच्या चौरसांच्या एकंदर मांडण्या ३८४ होतात, हे नारायण पंडिताने चौदाव्या शतकात सांगितले. १९३८ मध्ये रोझर आणि वॉकर या गणितज्ञांनी आधुनिक पद्धतीने हीच संख्या सिद्ध केली.

फळा कोणाचा?

हा इतिहास सांगताना अभिमान वाटतो, आणि त्याच वेळी एक प्रश्नही टोचतो. नारायण पंडिताचे हे गणित कोणाला शिकता येत होते? ज्या भाषेत ते लिहिले गेले, ती कोणी शिकावी हे जन्मावरून ठरत असे. हे फार जुने झाले असे समजू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईसारख्या शहरात शाळकरी भीमरावांना संस्कृत शिकू दिले गेले नाही आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली.

एल्फिन्स्टन हायस्कूलमधील एक प्रसंग बाबासाहेबांच्या चरित्रकारांनी नोंदवला आहे. शिक्षकांनी भीमरावांना उदाहरण सोडवण्यासाठी फळ्याजवळ बोलावले. त्याबरोबर वर्गात एकच गोंधळ उडाला. सवर्ण मुलांचे जेवणाचे डबे फळ्यामागे ठेवलेले असत. ते विटाळतील या भीतीने मुले धावली आणि डबे बाजूला ओढल्यानंतरच भीमरावांना फळ्याला हात लावता आला. मी हा प्रसंग दरवर्षी सांगतो. गणिताच्या उदाहरणाला जात नसते. तीन, पाच आणि सात यांची बेरीज कोणाच्याही हाताने पंधराच येते. विटाळ फळ्यात नव्हता, खडूत नव्हता, उत्तरातही नव्हता. तो डबे ओढणाऱ्यांच्या मनात होता. म्हणूनच आपल्या शाळेत कोणताही विद्यार्थी फळ्याजवळ जाण्यास बिचकतो, तेव्हा मला ती गोष्ट साधी वाटत नाही.

आता फळ्यावर करण्याजोगी एक रीत सांगतो. चौदाव्या लुईचा दूत सिमॉन द ला लुबेर १६८७-८८ मध्ये सयामला गेला होता. परतीच्या प्रवासात त्याला एका सहप्रवाशाकडून विषम घरांचा चौरस भरण्याची सोपी युक्ती कळली आणि १६९१ च्या आपल्या पुस्तकात त्याने ती प्रसिद्ध केली. युरोपात ती ‘सयामी पद्धत’ म्हणून ओळखली जाते. वस्तुतः त्या सहप्रवाशाने ती सुरतेच्या लोकांची रीत म्हणून सांगितली होती. सुरतेच्या त्या माणसांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत. ज्ञान एकाचे आणि नाव दुसऱ्याचे, हा अनुभव इतिहासाच्या अभ्यासकाला नवा नाही.

रीत अशी : पाच गुणिले पाचचा चौरस आखा. वरच्या ओळीच्या मधल्या घरात १ लिहा. पुढील प्रत्येक संख्या एक घर वर आणि एक घर उजवीकडे, म्हणजे तिरकी लिहायची. वरून बाहेर पडलात, तर त्या उभ्या ओळीच्या तळाशी या. उजवीकडून बाहेर पडलात, तर त्या आडव्या ओळीच्या डाव्या टोकाला या. ठरलेले घर आधीच भरलेले असेल किंवा वरच्या उजव्या कोपऱ्यातून बाहेर पडलात, तर आताच्या घराच्या थेट खाली उतरा. असे करीत गेल्यास पुढील चौरस तयार होतो :

१७   २४   १   ८   १५
२३   ५   ७   १४   १६
४   ६   १३   २०   २२
१०   १२   १९   २१   ३
११   १८   २५   २   ९

सर्व बाजूंनी ६५. हीच रीत सात, नऊ, अकरा अशा कोणत्याही विषम चौरसाला लागू पडते. तीन घरांसाठी करून पाहा. त्या मुलाच्या पत्र्यावरील चौरस जसाच्या तसा मिळेल. सहावीतील मुलेसुद्धा आता तो दोन मिनिटांत काढतात.

१४ ऑक्टोबर १९५६ चा चौरस

शेवटी आपल्या सर्वांच्या हृदयाजवळच्या तारखेचा एक चौरस देतो. १४-१०-१९५६ या धम्मदीक्षेच्या दिनांकाचे १४, १०, १९ आणि ५६ असे चार भाग करून ते वरच्या ओळीत ठेवले आहेत :

१४   १०   १९   ५६
५३   १८   ७   २१
१२   १६   ५८   १३
२०   ५५   १५   ९

कोणतीही आडवी ओळ, उभी ओळ किंवा कर्ण घ्या, बेरीज ९९. चार कोपरे ९९, मधली चार घरे ९९. सोळाही संख्या वेगवेगळ्या आहेत.

हा चौरस मी फळ्यावर काढला तेव्हा वर्गात क्षणभर शांतता पसरली आणि मग टाळ्या पडल्या. नेमका तोच क्षण धोक्याचा होता. “या तारखेत काहीतरी शक्ती आहे,” असे एखाद्याला वाटले असते, तर मी बाजारातील त्या माणसाचेच काम अधिक सफाईने केले असते. म्हणून मी लगेच रीतही उघड केली. दिनांकाच्या चार भागांना अनुक्रमे क, ख, ग, घ म्हणा आणि घरे अशी भरा :

पहिली ओळ : क, ख, ग, घ
दुसरी ओळ : घ − ३, ग − १, ख − ३, क + ७
तिसरी ओळ : ख + २, क + २, घ + २, ग − ६
चौथी ओळ : ग + १, घ − १, क + १, ख − १

प्रत्येक ओळीत, प्रत्येक स्तंभात आणि दोन्ही कर्णांवर क, ख, ग, घ एकेकदाच येतात. आणि त्यांना जोडलेल्या अधिक-उणे संख्या एकमेकींना तंतोतंत खोडतात. म्हणून बेरीज नेहमी पहिल्या ओळीइतकीच राहते. येथे कोणतीही तारीख चालते. आपल्या मुलीची जन्मतारीख घ्या, शेजाऱ्याची घ्या, पहिल्या पावसाची घ्या. काही तारखांत एखादी संख्या दोनदा येईल किंवा एखादे घर ऋण होईल, पण बेरीज ढळणार नाही. १४-४-१८९१ हा दिनांक वाचकांसाठी राखून ठेवतो. त्यात सर्व बाजूंनी १२७ येतील आणि सोळाही संख्या भिन्न असतील.

तेव्हा १४ ऑक्टोबर १९५६ चे थोरपण ९९ या आकड्यात नाही. ते नागपूरच्या मैदानावर लाखो माणसांनी डोळे उघडे ठेवून घेतलेल्या निर्णयात आहे. त्या दिवसाला आकड्यांच्या आधाराची गरज नाही.

चिंचोक्यांची बेरीज

त्या वर्षीच्या पालक मेळाव्याला मुलाची आई आली. पत्र्याविषयी मी काहीही बोलणार नाही, असे ठरवले होते. मुलानेच तिला व्हरांड्यात बसवले. त्याने खिशातून पंचेचाळीस चिंचोके काढले, फरशीवर खडूने नऊ घरे आखली आणि आईच्या समोर आठ, एक, सहा असे ढीग मांडू लागला. तिला अंक वाचता येत नव्हते. पण मजुरीचा हिशेब तोंडी करणाऱ्या बाईला मोजणे शिकवावे लागत नाही. तिने आडवे मोजले, उभे मोजले, तिरपे मोजले. मुलाने ढीग मोडले आणि म्हणाला, “आई, आता तू लाव.” दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमले.

मग बराच वेळ ती ढिगांकडे पाहत राहिली आणि मला म्हणाली, “सर, हे तर चिंचोक्यातबी हाय. मग त्या माणसानं पैसे कशाचे घेतले?”

“तांब्याचे म्हणा, ताई,” मी म्हणालो. ती हसली नाही. मीही हसलो नाही.

जाताना तिने स्वतःच मुलाच्या गळ्यातला दोरा सोडला आणि पत्रा माझ्या हातात दिला. वार्षिक परीक्षेत तो मुलगा गणितात काठावर उत्तीर्ण झाला. ना पत्र्याने चमत्कार केला होता, ना पत्रा काढल्याने. रोज रात्री तो एक तास अधिक बसत होता, हे मी पाहिले होते. तो पत्रा आता आपल्या गणिताच्या पेटीत आहे. दरवर्षी आठवीच्या वर्गात तो हातोहात फिरतो आणि मुले प्रथम त्याची बेरीज करतात, मग तिचे कारण शोधतात.

माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना एवढीच विनंती, की सुट्टीत एखाद्या संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन बसा. मूठभर चिंचोके आणि खडूचा एक तुकडा पुरे. बेरीज जुळली म्हणजे मुलाला लगेच शाबासकी देऊ नका; आधी विचारा, “का जुळली?” त्याचे उत्तर त्याने स्वतः शोधले, की पुढे कोणी त्याला तांबे सोन्याच्या भावाने विकू शकणार नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!